बॉनेटवरचा डाग

औंध,
१८ नोव्हेंबर १९७४

श्रीयुत लालासाहेब खराडे, सांगली, यांस सुभेदार हंबीरराव फडतरे यांचा सप्रेम रामराम.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. क्षेम नाही.

व्याहीबुवा, दसऱ्याला आपण आपली काळी मोटार आमच्या दारात पाठवलीत. लेकीच्या सासरी लोक पितळी भांडी पाठवतात, फार तर दुभती म्हैस पाठवतात. आपण मोटार पाठवलीत. सगळ्या गावाने तोंडात बोट घातले. मीही घातले असते, पण सुभेदाराने चारचौघांत तसे करायचे नसते. मी एवढेच म्हणालो की सूनबाईंना पहिल्या बाळंतपणाला याच मोटारीतून, मी स्वतः चालवत, सांगलीला पोचवीन. यमाईच्या पायथ्याला भरल्या पारावर म्हणालो. आमचा दादासो तिकडे सरहद्दीवर पलटणीत आहे. त्याच्या माघारी त्याच्या बायकोला माहेरी पोचवणे हे माझे काम.

आणि आता ही मोटार सकाळी उठत नाही.

रोज मी पहाटे यमाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालून येतो. पलटणीतली सवय, सुटत नाही. आलो की मोटारीत बसून बटन दाबतो. इंजिन फिरते, खोकते, थांबते. मग हँडल. मग चार गडी बोलावून उतारावरून धक्का. पेठेतली माणसे तोंडात राखुंडी धरून बघायला उभी असतात. काल तर कोंडीबा मेंढका मला म्हणाला, "सुबेदार, आमची मेंढरं जुपा की हिला. लय हायती." हे ऐकायला मी दोन लढायांतून जिवंत परत आलो काय?

निगा राखण्यात माझी कसूर नाही. बूट चमकवावा तसे तिचे बॉनेट मी रोज चमकवतो. ती आली त्या दिवशी आमच्या सौ. शालूबाई आणि सूनबाई यांनी ओल्या हळदीकुंकवाचे हे मोठे स्वस्तिक बॉनेटवर काढले. पुसता पुसता माझे खांदे भरून आले. तेव्हाच घरात ताकीद दिली की ही मोटार आहे, देव्हारा नाही. हिच्या रंगावर पुन्हा कुणाचे बोट दिसले तर माझ्याशी गाठ आहे. तेव्हापासून रंगावर एक ठिपका नाही.

तेव्हा मोटारीत आधीपासून काही खोड होती का, आणि असली तर ती आपणास ठाऊक होती का, हे साफ कळवावे. बैल देतानासुद्धा माणूस सांगतो की मारका आहे.

सूनबाई सौ. बनूची तब्येत ठीक आहे.

हंबीरराव फडतरे

.

सांगली,
२३ नोव्हेंबर १९७४

हंबीररावजींना रामराम.

तुमचं पत्र पेढीवर गादीवर बसून वाचलं आणि समोरचा चहा थंड झाला. मारका बैल म्हणालात. लेकीच्या दारात मारका बैल बांधणारा बाप मी नव्हे.

ही मोटार मी जुनीच घेतली, पण घेतल्यापासून तिनं मला एकदाही दगा दिला नाही. हळदीच्या हंगामात मी भल्या पहाटे मार्केट यार्डात जायचो. कृष्णेवरचं धुकं गल्लीबोळात शिरलेलं असायचं, समोरचा माणूस दिसायचा नाही, आणि ही पहिल्या बटनाला उठायची. आमची आई असती तर तिनं साक्ष दिली असती. ती म्हणायची, "लाला, घरातल्या सुना उठायच्या आदी तुजी मोटार उठती."

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. इंजिन फिरतं म्हणजे बॅटरीत जीव आहे. पेटत नाही म्हणजे ठिणगी पडत नाही. कॉइलपासून एक जाड तार निघते. ती डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपणात मधोमध शिरते, आणि त्याच टोपणातून चार तारा चार प्लगांकडं जातात. ह्या वाटेत कुठंतरी ठिणगी गळते आहे. प्लग काढून घासा, पॉइंट तपासा, तारा बघा. मोटार बाहेरून चमकवून चालत नाही, सुभेदार. तिच्या आत बघावं लागतं.

आणि मोटारीपेक्षा मोठी गोष्ट. बनूला सहावा सरत आला. आठव्यात गर्भारणीनं प्रवास करायचा नाही, हे तुमच्यातही आहे, आमच्यातही आहे. म्हणजे सातवा सरायच्या आत ती इथं पोचायला हवी. तिची आई मनुबाई रोज माडीवरची खोली झाडते आणि रोज विचारते, "कवा येणार ओ माजी बनू?" मी काय सांगू? सकाळी उठत नसेल तर उन्हं चढल्यावर निघा, पण निघा.

यंदाच्या हळदीतली निवडक हळद दळून पुडी पाठवली आहे. विहीणबाईंना द्यावी.

लालासाहेब खराडे

.

औंध,
१ डिसेंबर १९७४

लालासाहेब खराडे यांस रामराम.

आत बघा म्हणालात. बघितले.

प्लग काढून पितळी ब्रशने घासले, चुलीपुढे शेकून परत बसवले. साताऱ्याहून मिस्त्री आणला. त्याने पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला, तारा बदलल्या, आमच्याकडे कोंबडीचा रस्सा खाल्ला आणि संध्याकाळी माझ्यासमोर मोटार तीनदा उठवून दाखवून निघून गेला. दुसऱ्या सकाळी बटन दाबले. खोकली. थांबली.

उन्हे वर आली, मी जेवायला बसलो, तेव्हा शालूबाई म्हणाल्या, "आवं, आता बगा की येकदा दाबून." तोंडातला घास तसाच ठेवून गेलो. दाबले, आणि उठली! जणू सकाळी काही झालेच नव्हते.

उन्हे चढल्यावर निघा, हा आपला सल्लाही वाचला. जी मोटार रोज सकाळी घरच्या दारात दगा देते, ती आडरानात देणार नाही याची हमी कोण घेणार? सातव्या महिन्याच्या पोरीला घेऊन मी रस्त्याच्या कडेला ऊन खात बसू?

आणखी ऐका. माझा धाकटा भाऊ आकाराम कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत राहतो. त्याच्याकडे दोन रात्री राहून आलो. मोटार रात्रभर उघड्यावर, धुक्यात. टपावरून पाणी ओघळत होते. उजाडता उजाडता बटन दाबले आणि उठली. दुसऱ्या दिवशीही उठली. घाट चढली, उतरली, कुरकुर नाही. घरी आलो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. परक्या दारात गुणाची आणि घरात हट्टी! जिथली मोटार तिथली वळणे, दुसरे काय म्हणावे?

मी आत बघितले त्यात आणखी काय दिसले तेही लिहितो, म्हणजे आपणास बरे वाटेल. काळ्या टोपणाच्या खाचांतून तांबूस गंज आहे. आणि कॉइलच्या खाली तांदळाचे दाणे सापडले. मोटारीत तांदूळ कुठून आले? आपल्या गोदामातल्या उंदरांनी तिच्यात संसार मांडला होता, आणि तो आपण पोराबाळांसकट मला पाठवलात. उंदरांसकट मोटार देणाऱ्याच्या हळदीत काय काय दळले जात असेल, यमाई जाणे. पुडी पोचली.

हंबीरराव फडतरे

.

सांगली,
६ डिसेंबर १९७४

सुभेदारसाहेब,

रामराम घालायचं मनात नाही, म्हणून घातला नाही.

आमच्या तीन पिढ्या हळद विकतात. गुजरातपासून मद्रासपर्यंत माणसं डोळे मिटून आमच्या पोत्यात हात घालतात. आजवर कुणी असं बोललं नाही. तुम्ही बोललात, आणि मी मुलीचा बाप म्हणून गिळावं अशी तुमची अपेक्षा असेल. गिळणार नाही.

वळणं काढलीत तीही माझ्या लेकीची काढलीत, एवढं मला कळतं. बनू तुमच्या घरात आल्यापासून वर मान करून बोलली असेल तर सांगा.

आता जे दिसतंय ते बोलतो. मोटार माझ्याकडं उठायची. मोटार कोयनेला उठते. मोटार फक्त तुमच्या दारात उठत नाही. मग खोट मोटारीत कशी असेल? खोट तुमच्या घरात आहे. मला तर वाटायला लागलंय की तुम्हाला बनूला पाठवायचंच नाही. नातू तुमच्या छपराखाली जन्मावा, सुभेदाराची शान राहावी, म्हणून ही मोटारीची रड चालली आहे. आठवा लागला की तुम्ही हात वर करून मोकळे.

ऐका. बनूची थोरली बहीण हरणा तापानं गेली असं सोयरिकीच्या वेळी मी तुम्हाला सांगितलं होतं. ती तापानं गेली नाही. तिचंही पहिलंच बाळंतपण होतं. सासरच्यांनी आज पाठवतो, उद्या पाठवतो केलं, आणि आठवा लागला म्हणून ठेवून घेतली. कळा सुरू झाल्या तेव्हा गाव आडबाजूला, वाहन नाही. बैलगाडीतून तिला मिरजेला दवाखान्यात आणत होते. मला निरोप लागला तसा मी मिळेल त्या ट्रकनं निघालो आणि वाटेत गाठलं. मी पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि बैल सोडलेले होते. लांबून बैल सोडलेले बघितले तिथंच मला कळलं.

बनू माझ्याबरोबर होती. परकर-पोलक्यातली पोर. तिनं सगळं बघितलं.

त्याच वर्षी मी ही मोटार घेतली. माझ्या चैनीसाठी घेतली नाही. आणि बनूच्या दारात पाठवली ती तुमचा मान वाढवायला पाठवली नाही. तिच्या दारात एक मोटार उभी असावी, एवढंच मला हवं होतं.

वीस तारखेला मी भाड्याची गाडी घेऊन औंधला येतो आणि लेकीला घेऊन जातो. परवानगी विचारत नाही, कळवतो आहे.

लालासाहेब खराडे

.

औंध,
११ डिसेंबर १९७४

लालासाहेब यांस,

भाड्याची गाडी माझ्या दारात आणायची नाही. मी पारावर शब्द दिला आहे.

हरणाबाईंविषयी आपण खोटे सांगितलेत. सोयरिकीत असली गोष्ट लपवतात काय? मला ठाऊक असते तर मी पहिल्याच दिवशी ही मोटार सोडून दुसरी व्यवस्था केली असती. आपण लपवलेत आणि वर माझ्यावरच आळ घेता की मला सून पाठवायची नाही. या आरोपाचा मी निषेध करतो. आपले पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. ते आळामुळे नव्हे. त्या बैलांमुळे.

काल सकाळची गोष्ट लिहायची नव्हती, पण लपवण्याचा दोष आपल्याला देऊन मीच लपवू कसा? मी चालून परत आलो तर सूनबाई ओट्यावर पोट धरून बसलेल्या. कळ आली म्हणाल्या. शालूबाईंचा चेहरा पांढरा. मी मोटारीकडे धावलो. बटन दाबले, नाही. हँडल मारले, नाही. पुन्हा मारले. तळहाताची सालटी निघाली, शर्ट भिजला, नाही म्हणजे नाही. शेवटी गावातले डॉक्टर सायकलवरून आले. म्हणाले, खोट्या कळा आहेत, विश्रांती घ्या, प्रवास जपून केला तर हरकत नाही. घाबरू नये. पोर सुखरूप आहे.

मी हँडल मारत होतो तेव्हा सूनबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मोटारीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मामंजी, रोज येवढं इनवते मी हिला. मग का बरं उठत न्हाई?" भेदरलेली पोर, काहीतरी बोलून गेली.

दुपारी मी सगळे इंजिन पेट्रोलने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले, एक दाणा ठेवला नाही. संध्याकाळी मोटार झटक्यात उठली. आज सकाळी पुन्हा नाही, आणि टोपणाशेजारी पुन्हा तांदळाचे दाणे! गंज लागून लाल झालेले. म्हणजे उंदीर आमच्याच घरचे निघाले. तेवढ्यापुरते माझे शब्द मागे घेतो. उंदरांपुरते. सापळा लावला आहे, पण त्यातली भाकरी सकाळी तशीच असते. असले उंदीर मी कुठे बघितले नाहीत. मोटारीपर्यंत तांदूळ वाहून आणतात आणि भाकरीला तोंड लावत नाहीत.

हंबीरराव

.

सांगली,
१४ डिसेंबर १९७४

हंबीररावजींना रामराम.

हरणाचं लपवलं, चुकलो. त्या वेळी वाटलं, घराला अपशकुनी म्हणतील आणि बनूचं जमायचं नाही. आळ घेतला तोही मागे घेतो. तुमच्या तळहातांना खोबरेल लावा.

तुमचं पत्र मी मनुबाईला वाचून दाखवलं. कळांचं ऐकून ती खांबाला टेकून उभी राहिली होती. डॉक्टर काय म्हणाले ते वाचलं तेव्हा खाली बसली. मग "रोज इनवते" हे वाक्य आलं तशी म्हणाली, "थांबा. परत वाचा." परत वाचलं. पुढं तांदळाचं वाचलं. तिनं विचारलं, "लाल हायत म्हणलं न्हवं?" म्हटलं, हो, गंजानं. तर कपाळावर हात मारून हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "आवं, तांदळाला कधी गंज चढतो व्हय?"

मग मलाही उजेड पडला. सुभेदार, तुम्ही आणि मी महिनाभर एकमेकांचे कान ओढतोय, आणि दोघांनाही अक्षता ओळखता येईनात.

मी पत्रात सगळं लिहिणार होतो. मनुबाईनं हात धरला. म्हणाली, "सुबेदार तापट हायत. कागद वाचून पोरीवर वरडतील. त्येंच्या डोळ्यांनी बगू द्या." म्हणून थोडंच लिहितो. मोटार पाठवताना मनुबाईनं बनूला एक गोष्ट बजावली होती: हिची रोज सकाळी पूजा करायची, चुकवायची नाही. आमच्याकडं ती स्वतः करायची, बॉनेटवर बोटभर हळदकुंकू. आणि तुम्ही घरात ताकीद दिलीत की रंगावर बोट दिसता कामा नये. आता दोन्ही वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडायची नाही असं ठरवलेली पोर काय करील?

हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या पहाटे फिरायला जाऊ नका. गेल्यासारखं करा आणि कडब्याच्या गंजीआड उभे राहा. पण यमाईची शपथ घालतो, काही दिसलं तरी ओरडायचं नाही. ओरडायचंच असलं तर मला पत्र लिहा. मी सवयीचा झालोय.

लालासाहेब

.

औंध,
१९ डिसेंबर १९७४

प्रिय लालासाहेब व्याही यांस सप्रेम रामराम.

परवा पहाटे काठी घेऊन नेहमीसारखा बाहेर पडलो आणि मागच्या आवाराने परत येऊन गंजीआड उभा राहिलो. स्वतःच्या घरात चोरासारखा. थंडी मी म्हणत होती. याबद्दल आपल्यावर रागवायचे मी ठरवून टाकले होते.

थोड्या वेळाने दार वाजले. पुढे शालूबाई, हातात पाण्याचा तांब्या. मागे सूनबाई, हातात ताट. पोट सावरत पाऊल टाकत होत्या. शालूबाईंनी बॉनेट उचलले आणि त्याला काठीचा टेकू दिला. सवयीच्या हाताने दिला, लालासाहेब. तीस वर्षे संसार केला, या बाईला बॉनेट उघडता येते हे मला माहीत नव्हते.

आत ते काळे टोपण आहे ना, मधोमध तार असलेले. त्यावर सूनबाईंनी पाण्याची धार धरली. पिंडीवर धरतात तशी, सावकाश, सगळा तांब्या. मग ओली हळद, कुंकू, झेंडूचे फूल, आणि वरून कुंकवात भिजवलेल्या अक्षता. हात जोडले. मी आठ-दहा पावलांवर होतो, शब्द न् शब्द ऐकू आला.

"हरणाक्का गेली तवा तू आमच्या दारात न्हवतीस. माज्या येळंला हायस. माजी येळ आली की उठ गं बाई. रोज नगं उठू, पर तेवढ्या येळंला उठ."

त्यानंतर दोघींनी जे केले ते सांगतो. फूल उचलले, हळदकुंकू पाण्याच्या बोटाने धुतले, पदराच्या टोकाने टोपण पुसले. शालूबाई सारख्या म्हणत होत्या, "नीट पूस गं. डाग ऱ्हायला तर येऊन डोकं फोडतील." आणि सूनबाई खाचाखाचांतून नखाने कुंकू काढत होत्या. जे निघत नव्हते त्याला मी गंज म्हणत होतो. जे दाणे खाली पडले त्यांना मी उंदीर लावले. आणि जे पाणी टोपणात मुरले, त्याने ठिणगी मारली. रोज सकाळी. ऊन चढून वाळेपर्यंत.

राग आलाच. पहिला आपल्या सौभाग्यवतींचा आला, पूजेचे बजावले म्हणून. मग शालूबाईंचा आला. मग तिथेच उभ्या उभ्या लक्षात आले की मी त्यांना बॉनेटवर बोटभर कुंकू लावू दिले असते, तर त्यांना ते आत न्यावे लागले नसते. मग रागवायला तिथे दुसरे कुणी उरले नाही. माझ्या ताकिदीने त्या पोरीची मोटार बंद पाडली होती. त्या दिवशी कळा खऱ्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मनात आला आणि मी कडब्याला धरून उभा राहिलो.

आपली शपथ पाळली.

आता नीट वाचा, हे महत्त्वाचे आहे. मी घरात काहीही सांगितलेले नाही. तिच्या विनवण्यांनीच मोटार अडत होती हे बनूला कळता कामा नये. आपण सांगायचे नाही, विहीणबाईंनी सांगायचे नाही, पुढे दहा वर्षांनी हसत हसतसुद्धा नाही. मिस्त्रीने शेवटी एक तार बदलली आणि मोटार सुधारली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

परवा दोघी आत गेल्यावर मी टोपण काढून आतून बाहेरून कोरडे केले. मग न्याहारीला बसल्यावर जाहीर केले की मोटारीची पूजा घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची असते, आणि ती बॉनेटवर, सगळ्यांसमोर. आत हात घालणे अशुभ असते. शालूबाईंच्या हातातले उलथणे तसेच राहिले. म्हणाल्या, "आवं, तुमास्नी बरं हाय न्हवं?" बनू खाली मान घालून भाकरी मोडत होती, पण मला दिसली. तिच्या खांद्यांवरून ओझे उतरले.

काल सकाळी मी स्वतः, पारावरच्या लोकांसमोर, बॉनेटवर आपल्या पुडीतली हळद कालवून हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढले. वाकडे आले. बनूने हात जोडले. मी आत बसून बटन दाबले. पहिल्या फेरीला उठली, लालासाहेब! कोंडीबा मेंढका फेटा उडवत होता. मी काचेतून पुढे बघितले तर बनू रडत होती आणि शालूबाईंना म्हणत होती, "आत्याबाई, पावली हो. ऐकलं तिनं माजं." मी माझ्या आयुष्यात चुकीचे विधान दुरुस्त केल्याशिवाय सोडलेले नाही. हे सोडले.

आजही उठली. तेव्हा उद्या निघतो. आपल्या भाड्याच्या गाडीची तारीख हीच होती, म्हणून मुद्दाम. बनू आणि शालूबाई मागे बसतील, गाडी हळू हाकतो, वाटेत कराडला जेवून येतो. विहीणबाईंना सांगावे, खोली झाडणे पुरे झाले, आता चूल पेटवा. मी मोटार तुमच्या दारात उभी करणार आणि बाळंतपण होईपर्यंत ती तिथेच राहील. किल्ली आपल्या उशाखाली ठेवावी. रोज सकाळी एकदा इंजिन सुरू करून बघावे. मी स्वतः येऊन-जाऊन विचारणार आहे, हयगय खपवून घेणार नाही.

आपला,
हंबीरराव

ता. क. हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, मी त्याच्या आधी पोचेन. म्हणून हातातच देतो. मोटारीतून उतरल्या उतरल्या आत नेऊन एकट्याने वाचावे, आणि बाहेर आल्यावर चेहरा सरळ ठेवावा. बॉनेटवरचा डाग मी काल संध्याकाळी साबणाने, आज सकाळी पॉलिशने घासून बघितला. निघत नाही. हळद अस्सल आहे.